सीमाभागात कला-संस्कृती निधीचे मंडळ चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात कलेसाठी जमवलेला किंवा सरकारकडून आलेला पैसा वाटण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडते त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. तुमची नेमणूक सरकारी समितीवर झालेली असेल, किंवा वाचनालय, देवस्थान ट्रस्ट, नोंदणीकृत संस्था यांनी मिळून निधी समिती केलेली असेल. कायद्याचे कागद दोन्हीकडे थोडे वेगळे लागतात, अडचणी मात्र त्याच येतात.

अध्यक्षाचे नेमके काम काय? अर्ज निवडायचे ना?

अर्ज निवडायचे काम परीक्षकांचे. अध्यक्षाने गुण देऊच नयेत. समसमान मते पडली तर निर्णायक मत द्यावे, एवढाच त्याचा निवडीतला वाटा. त्याचे खरे काम अर्ज मागवण्याच्या आधी असते: निकष, कमाल रक्कम, शेवटची तारीख, परीक्षक कोण आणि तक्रार कुठे करायची, हे सगळे छापून सूचनाफलकावर लावणे. सीमाभागात कोणताही निकाल भाषेच्या चष्म्यातून वाचला जातो. मराठी मंडळाला मिळाले की एक बाजू बोलते, कन्नड मंडळाला मिळाले की दुसरी. अशा वेळी अध्यक्षाच्या हातात आधी छापलेला नियम असेल तर बोलणे दोन मिनिटांत संपते. नसेल तर वर्षभर चालते.

सरकारी खाते आहेच की. मग वेगळे मंडळ कशाला?

पैसा कुठून कुठे येतो ते आधी पाहू. राज्याचा पैसा कन्नड व संस्कृती खात्यामार्फत येतो. खात्याचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला कन्नड भवनात, जिल्ह्यात सहायक संचालकांचे कार्यालय, आणि अर्ज सेवा सिंधू या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर. त्याखाली कलाप्रकारानुसार अकादम्या: नाटक, संगीत-नृत्य, जानपद (लोककला), बयलाट (उघड्यावरचे लोकनाट्य), ललित कला वगैरे. भाषेच्या अकादम्याही आहेत, कोंकणी, तुळू, कोडव, ब्यारी, उर्दू. मराठीची नाही. त्यामुळे मराठी नाटकवाल्यांनी आणि भजनी मंडळांनी भाषेच्या दारात न थांबता कलाप्रकाराच्या दाराने जायचे असते: नाटक असेल तर नाटक अकादमी, सोंगी भजन किंवा पोवाडा असेल तर जानपद. हे न कळल्यामुळे कितीतरी मंडळे अर्जच करत नाहीत.

केंद्राचा पैसा संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतून येतो. शिवाय कर्नाटक दोन विभागीय सांस्कृतिक केंद्रांचे सदस्य आहे, तंजावरचे दक्षिण विभाग आणि नागपूरचे दक्षिण मध्य विभाग. महाराष्ट्रही नागपूरच्या केंद्रात आहे, म्हणून सीमेपलीकडच्या मंडळांबरोबर संयुक्त कार्यक्रम करायचा तर नागपूरचे दार सोयीचे.

हे सगळे पैसे मोठ्या, कागदपत्रे जमलेल्या संस्थांना मिळतात. 15 ते 25 हजारांत काम होईल अशा गावच्या मंडळाला सेवा सिंधू आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण झेपत नाही. स्थानिक निधी मंडळाने ती जागा भरायची, आणि गावच्या त्या मंडळाला दोन वर्षांत सरकारी अर्जापर्यंत पोचवायचे.

नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची?

कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960. किमान सात सभासद लागतात आणि नोंदणी सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. महाराष्ट्रातल्या ओळखीच्या वकिलाकडून तिकडच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या नमुन्यावर घटना लिहून आणू नका. इथे ती परत येते. वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद दरवर्षी दाखल करावे लागतात. हे थकले की नोंदणी कागदावर राहते आणि सरकारी अनुदानाचा अर्ज पहिल्याच तपासणीत बाद होतो. घटनेत ‘निधीतून अन्य संस्था व कलाकारांना साहाय्य देणे’ हा उद्देश स्पष्ट लिहून घ्या. पुष्कळ घटनांत कार्यक्रम करण्याचा उद्देश असतो, वाटण्याचा नसतो, आणि लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतो.

समितीत कोण असावे?

नऊ जण पुरे. त्यांत रंगभूमी, गायन-वादन, लोककला आणि दृश्यकला यांतला प्रत्येकी एक जाणकार, एक हिशेब कळणारा, एक ग्रंथालय किंवा शाळेशी संबंधित, आणि किमान तीन स्त्रिया. तीनपेक्षा कमी स्त्रिया असल्या की महिला भजनी मंडळांचे अर्ज ‘हौशी’ म्हणून मागे पडतात. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट वाचता येणारे निदान चार जण हवेत. मुदत तीन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदला, म्हणजे सगळी समिती एकदम नवखी होत नाही. विद्यमान लोकप्रतिनिधी आणि राजकीय पक्षाचा पदाधिकारी नको, कोणत्याही बाजूचा.

वर्षाचे वेळापत्रक कसे लावायचे?

चुका सगळ्यांत जास्त इथे होतात. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथल्या कलेचे वर्ष वेगळे. वैशाखात बेळगावची शिवजयंती आणि चित्ररथ मिरवणूक. आषाढी आणि कार्तिकीला निम्मी भजनी मंडळे पंढरपूरला. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, उघड्यावर काही करणे अशक्य. पुढे गणपती, नवरात्र. 23 ते 25 ऑक्टोबरला कित्तूर उत्सव. डिसेंबर ते फेब्रुवारी कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांतली मराठी साहित्य संमेलने. मग जत्रा, मे अखेरपर्यंत.

यावरून बसणारा क्रम असा. मे महिन्यात जाहिरात, अर्जांची मुदत 30 जून. जुलैत छाननी आणि तालमी पाहणे. पावसात मंडळे गावातच असतात, पण आषाढीचे दिवस सोडून जा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निकाल, 31 ऑगस्टपर्यंत पहिला हप्ता. म्हणजे नाटकवाल्याला दिवाळीनंतरच्या प्रयोगासाठी पैसा हातात असतो. जानेवारीत निकाल लावणारी निधी मंडळे मार्चमध्ये पैसे देतात आणि मार्चमध्येच खर्चाचा दाखला मागतात. त्यातून जन्माला येतात ते कागदावरचे कार्यक्रम.

दहा लाख रुपये आहेत. कसे वाटायचे?

एक चालणारी विभागणी देतो. गावपातळीवरच्या लहान अनुदानांना 4,00,000, म्हणजे 25,000 ची सोळा. मध्यम प्रकल्पांना (नवे नाटक, दोन-तीन दिवसांचा महोत्सव) 3,00,000, म्हणजे 75,000 ची चार. शिकवण्यासाठी 1,20,000: दोन जाणत्या कलाकारांना दरमहा 5,000 प्रमाणे वर्षभर, प्रत्येकाकडे किमान पाच शिष्य. ध्वनिमुद्रण आणि नोंदींसाठी 50,000. तातडीच्या मदतीसाठी (वाद्ये जळाली, कलाकार आजारी पडला) 50,000. कार्यालय, प्रवास, लेखापरीक्षण 80,000.

यातले शिकवण्याचे आणि नोंदींचे पैसे कापून कार्यक्रमाला द्यायचा दबाव दरवर्षी येतो. देऊ नका. कार्यक्रम वर्गणीतूनही होतात, पण करडी मजलू हे लोकवाद्य वाजवणारा किंवा जुन्या चालीचे सोंगी भजन सांगणारा गेला तर वर्गणी काढून परत आणता येत नाही.

लहान अनुदानातून कलाकाराच्या हाती काय पडते?

अट घातली नाही तर फार थोडे. 25,000 मिळाले की मंडप, साउंड, लाइट आणि डिजिटल बॅनर यांतच 18-20 हजार जातात, कारण त्या लोकांना रोख आणि तिथेच द्यावी लागते. कलाकार गावचाच, तो थांबतो. म्हणून मंजुरीपत्रातच लिहा: किमान 40 टक्के रक्कम कलाकारांच्या मानधनाला, तीही त्यांच्या बँक खात्यात, फलक, हारतुरे, शाल-श्रीफळ मिळून 5 टक्क्यांच्या आत, जेवणखर्च निधीतून नाही, तो वर्गणीतून. शेवटच्या अटीवर कुरकुर होते, पण हिशेबातली सगळ्यांत मोठी भोके जेवणाच्या बिलांतच असतात.

अर्जाबरोबर कोणते कागद मागायचे?

25,000 पर्यंत: नोंदणीपत्र, पॅन, पासबुकाचे पहिले पान, कार्यकारिणीचा ठराव, मागच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांचा पुरावा (कात्रण, पत्रिका, फोटो), आणि एका पानाचा खर्चाचा अंदाज. एवढेच. त्याहून मोठ्या रकमेला तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि अन्य कुठून पैसा मागितला आहे त्याचे प्रतिज्ञापत्र. लहान अर्जाला मोठ्या अर्जाची कागदपत्रे लावली की गावची मंडळे गळतात आणि अर्ज लिहून देणारे दलाल उगवतात. एकाच हस्ताक्षरातले, एकाच झेरॉक्स दुकानातून आलेले सात अर्ज दिसले तर ते दलालाचे समजा.

अर्ज कोणत्या भाषेत घ्यायचा?

मराठी आणि कन्नड, दोन्हीत. नमुना अर्ज एकाच कागदाच्या दोन बाजूंवर छापा, अनुक्रमांक तेच ठेवा. उर्दू किंवा कोंकणीत अर्ज आला तर परत न करता भाषा जाणणाऱ्याकडून सारांश करून घ्या. प्रत्येक अर्ज ज्या भाषेत आला त्या भाषेत वाचणाऱ्या परीक्षकांनीच गुण द्यायचे. भाषांतरावरून गुण दिले की संहितेवर अन्याय होतो; विशेषतः वगनाट्य आणि श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यासारख्या प्रकारात सगळी गंमत बोलीत असते.

सरकारकडे जाणारा पत्रव्यवहार मात्र कन्नडमध्ये ठेवा. राज्याची प्रशासकीय भाषा ती आहे आणि फाइल लवकर हलते. दुसरीकडे, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेप्रमाणे जिल्ह्यात किंवा तालुक्यात 15 टक्क्यांहून अधिक लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना आणि नियम प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. आणि घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. सरकारी समितीचे अध्यक्ष असाल तर या दोन आधारांवर मराठी जाहिरात काढता येते. वेगळी परवानगी मागत बसू नका.

मंजूर रक्कम खात्यात न जाता परत येते. का?

दहापैकी आठ वेळा नावामुळे. आधारकार्डावर कन्नडवरून इंग्रजीत आलेले नाव, पासबुकावर मराठी उच्चाराचे, नोंदणीपत्रावर तिसरेच. एका कागदावर आद्याक्षरे मागे, दुसऱ्यावर वडिलांचे नाव मधे, तिसऱ्यावर आडनावाऐवजी गावाचे नाव. ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ असा संस्थेच्या नावातला फरकही पुरतो. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे अधिकृत नाव बदलले, त्याआधी नोंदलेल्या संस्थांच्या कागदांवर जुनेच आहे. उपाय साधा आहे. अर्ज घेतानाच पासबुकावरचे नाव जसेच्या तसे इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या, मंजुरीपत्रावर तेच छापा, आणि आधी एक रुपया पाठवून पाहा. जुनी, वापरात नसलेली खाती बंद पडलेली असतात, तेही याच वेळी कळते.

गुणांकन कसे करावे?

शंभरपैकी: कलेचा दर्जा 35, स्थानिक परंपरेशी किंवा नव्या प्रयोगाशी नाते 20, शिकणारी नवी माणसे किती 15, खर्चाचा अंदाज खरा वाटतो का 15, मागच्या अनुदानाचा हिशेब 15. प्रथमच येणाऱ्याला शेवटच्या रकान्यात 10 द्या, शून्य नको. नाहीतर जुनीच मंडळे फिरून फिरून येतात. तीन परीक्षक, प्रत्येकाने घरी स्वतंत्र गुण द्यायचे आणि बंद पाकिटात आणायचे. बैठकीत बसून गुण दिले की ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण सगळ्यांचे होतात. दोन परीक्षकांत 25 पेक्षा जास्त फरक असेल तरच त्या अर्जावर चर्चा.

दर्जा कागदावरून कळत नाही. 50,000 च्या वरच्या प्रत्येक अर्जासाठी तालीम पाहायला दोघांनी जावे, आदल्या दिवशी कळवून. तालमीला पाच माणसे आणि अर्जात बावीस, असे निघते.

समिती सदस्याचेच मंडळ अर्ज करत असेल तर?

करू द्यावा. बेळगावात नाटक जाणणारा माणूस कुठल्या तरी नाट्यसंस्थेत असणारच. बंदी घातली तर समितीत कलेशी संबंध नसलेलीच माणसे उरतील. पण त्या कलाप्रकाराचे सगळे अर्ज चर्चेला आले की तो खोलीबाहेर जाईल, फक्त स्वतःच्या अर्जापुरता नव्हे. स्पर्धकाचे गुण कमी करूनही स्वतःचा फायदा होतो. इतिवृत्तात बाहेर गेल्याची आणि परत आल्याची वेळ लिहा. सख्खे नातेवाईक आणि व्यवसायातले भागीदार यांनाही हाच नियम. अध्यक्षाच्या संस्थेने मात्र त्याच्या मुदतीत अर्ज करू नये.

आमदार-खासदारांची शिफारसपत्रे आली तर काय करायचे?

अर्जाला जोडून ठेवायची, गुण देणाऱ्यांना दाखवायची नाहीत. जाहिरातीतच ‘शिफारसपत्राला गुण नाहीत’ असे छापा, म्हणजे निम्मी येणारच नाहीत.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या नोंदणी नसलेल्या मंडळांना कसे द्यायचे?

दोन वाटा आहेत. एक, गावच्या वाचनालयाला किंवा हायस्कूलच्या संस्थेला ‘जबाबदार संस्था’ करून त्यांच्या खात्यातून द्यायचे. तिघांचे (मंडळ, संस्था, निधी समिती) एका पानाचे करारपत्र करा आणि संस्थेला 5 टक्क्यांहून जास्त कपात करू देऊ नका. दोन, मंडळाऐवजी कलाकाराला व्यक्ती म्हणून द्यायचे. गावाचा पत्ता आणि कलाकार तिथलाच असल्याची ओळख पंचायत विकास अधिकाऱ्याच्या दाखल्यावर घ्या. अर्ज लिहायला येत नसेल तर बोलून दिलेला अर्ज घ्या: प्रश्न वाचून दाखवायचे, फोनवर उत्तर ध्वनिमुद्रित करायचे, कार्यालयाने ते उतरवून परत वाचून दाखवायचे.

राज्याच्या निधीतला अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा भाग स्वतंत्र शीर्षाखाली येतो (2013 चा कर्नाटकचा कायदा). तो सर्वसाधारण कार्यक्रमांकडे वळवता येत नाही. अर्ज आले नाहीत म्हणून तो पडून राहतो, आणि अर्ज का आले नाहीत याचे उत्तर बहुतेक वेळा जाहिरात वाड्यावस्त्यांवर पोचलीच नाही, हे असते.

हप्ते कसे ठेवावेत आणि हिशेब कसा तपासावा?

25,000 पर्यंत 80 टक्के आधी, 20 टक्के हिशेबानंतर. मोठ्या रकमेला 50-30-20: मंजुरीला 50, तालीम पाहिल्यावर किंवा काम अर्धे झाल्यावर 30, हिशेब आल्यावर 20. सगळे पैसे कार्यक्रमानंतर देऊ नका; मंडळ सावकाराकडून उचल घेते आणि व्याज मानधनातून जाते.

तपासताना बिलांचे क्रमांक पाहा. एप्रिलचे बिल 112 आणि जूनचे बिल 113 असेल तर त्या दुकानदाराने दोन महिने दुसऱ्या कुणालाच माल विकला नाही म्हणायचे. फोटोंत पाठीमागचा फलक, तारीख आणि प्रेक्षक दिसले पाहिजेत. मागच्या वर्षीचाच फोटो फलक कापून पाठवलेला सापडतो. 5,000 रुपयांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट. एका माणसाला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरत नाहीत. सीएच्या उपयोगिता दाखल्यावर (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) 18 अंकी यूडीआयएन हा त्या दाखल्याचा ओळख क्रमांक असतो. तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून दोन मिनिटांत पडताळता येतो. क्रमांकच नसेल तर दाखला परत करा.

केंद्राचे अनुदान असेल तर 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे उपयोगिता दाखला 12-अ नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत. अनुदानावर बँकेने दिलेले व्याजही केंद्राला परत करायचे असते. ते मंडळाच्या उत्पन्नात धरून खर्च करून टाकणे ही लेखापरीक्षणातली नेहमीची हरकत. म्हणून प्रत्येक मोठ्या अनुदानाला वेगळे बचत खाते.

केंद्राच्या कोणत्या योजना इथल्या मंडळांना खरोखर उपयोगी आहेत?

कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचे अनुदान: साधारणपणे 5 लाखांपर्यंत आणि खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, म्हणजे उरलेला चौथा हिस्सा उभा करण्याची तयारी हवी. गुरु-शिष्य परंपरेची योजना: गुरूला दरमहा 15,000, शिष्याला वयाप्रमाणे. ज्येष्ठ कलाकारांना दरमहा 6,000 पर्यंत मदत, वय 60 पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न 72,000 च्या आत. मुलांसाठी सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती, वय 10 ते 14. संस्थेने अर्ज करायचा तर एनजीओ दर्पण या केंद्राच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक आधी काढा. तुमच्या मंडळाने वर्षातून एकदा, शक्यतो संमेलनांच्या हंगामात, हे अर्ज भरून देण्याचा दिवस ठेवला तर त्यातून येणारा पैसा तुमच्या दहा लाखांपेक्षा जास्त असू शकतो.

मानधनावर जीएसटी आणि टीडीएस लागतो का?

लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातले गायन, वादन, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराच्या मानधनाला एका सादरीकरणासाठी दीड लाखापर्यंत जीएसटी माफ आहे. सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्राला ही सूट नाही. टीडीएस तुमच्या संस्थेला कापावा लागतो का हे सीएला विचारा. कापायचा असेल आणि कलाकाराने पॅन दिला नाही तर 20 टक्के जातो, एवढे कलाकाराला आधी सांगा.

परवानग्या कोणी काढायच्या?

आयोजकाने. पण मंजुरीपत्राबरोबर यादी द्या: शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर स्थानिक ठाणे, मैदान महापालिकेचे किंवा पंचायतीचे, तात्पुरती वीजजोडणी हेस्कॉम या वीज कंपनीची, नाटक असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि प्रयोगाची रॉयल्टी. तोच प्रयोग पुढे कोल्हापूरला न्यायचा असेल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ते आधीच काढून ठेवावे.

ध्वनिवर्धक रात्री 10 ते सकाळी 6 बंद, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते, ते दिवस सणावारांतच संपतात. रात्रभर चालणारा पारिजात किंवा भजनाचा जागर असेल तर दहानंतर माईक बंद करून बंदिस्त सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात घेण्याची अट मंजुरीपत्रात लिहा.

कोणते दिवस टाळावेत?

ऑक्टोबर अखेर ते 1 नोव्हेंबरनंतरचे दोन-तीन दिवस. कर्नाटकचा राज्योत्सव आणि मराठी भाषिकांचा काळा दिन एकाच तारखेला असल्याने बंदोबस्त असतो, परवानग्या शेवटच्या क्षणी रद्द होतात आणि निकाल त्या आठवड्यात लावला तर त्याला नको तो अर्थ चिकटतो. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असले की शहरातली सभागृहे आणि पोलीस दोन्ही मिळत नाहीत. त्या पंधरवड्यात कार्यक्रम तालुक्यांकडे न्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी पैशातून नवी मंजुरी देऊ नका. आधी मंजूर होऊन सुरू झालेल्या कामाचे हप्ते देण्यापूर्वीही जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

महाराष्ट्र शासनाचे किंवा परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेतलेली संस्था चालेल का?

महाराष्ट्राचे अनुदान हा भारतातलाच पैसा. तो घेतल्याने संस्था अपात्र ठरवण्याचे कारण नाही. फक्त एकाच खर्चाला दोन ठिकाणचा पैसा नको. मंडप त्यांच्या अनुदानातून आणि मानधन तुमच्या, असे शीर्षवार वेगळे दाखवायला लावा. कर्नाटक सीमा प्रदेश विकास प्राधिकरणाचा पैसा घेतलेल्या कन्नड संस्थेलाही तोच नियम, त्याच शब्दांत.

परदेशाचे वेगळे आहे. आखातात काम करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ते परकीय योगदान नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याची देणगी परकीय ठरते, आणि तिला 2010 च्या एफसीआरए (परकीय योगदान नियमन) कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतले खाते लागते. पाच हजारांची देणगीसुद्धा याला अपवाद नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले कारखानदार सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून) देतील का?

देऊ शकतात; कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती आणि पारंपरिक कलांचे संवर्धन आहे. पण सीएसआर सक्तीचा फक्त मोठ्या कंपन्यांना (नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नफा 5 कोटी), आणि पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 नोंदणी लागते. एकवेळचे कार्यक्रम, पुरस्कार सोहळे यांचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणून त्यांच्याकडे संमेलनाचे प्रायोजकत्व मागायला जाऊ नका, वर्षभराचा वादनवर्ग किंवा जुन्या कलाकारांच्या ध्वनिमुद्रणाचा प्रकल्प घेऊन जा. लहान फाउंड्रीवाला 80-जी च्या (देणगीवर आयकर सवलतीच्या) पावतीवर देतो. रोख असेल तर 2,000 पर्यंतच त्याला करसवलत मिळते.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा पैसा आम्हाला येईल का?

3 ऑक्टोबर 2024 च्या निर्णयातून येणारा निधी अध्ययन, संशोधन, प्राचीन साहित्य यांच्या बाजूने जातो. गावच्या नाट्यमंडळाला त्यातून थेट काही नाही. कन्नडला हा दर्जा 2008 मध्येच मिळाला, तिथेही अनुभव असाच. हस्तलिखिते किंवा जुन्या ग्रंथांवर काम करणारे वाचनालय असेल तर मात्र प्रयत्न करावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचे आहे आणि भागात अशी आणखी जुनी कपाटे आहेत.

नाकारलेले अर्जदार माहिती अधिकारात अर्ज करतात. काय द्यावे?

सरकारी किंवा मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालणारे मंडळ असेल तर 30 दिवसांत उत्तर बंधनकारक. अनुदान किती, कोणाला, कोणत्या पद्धतीने, हे 2005 च्या कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे न मागताच प्रसिद्ध करायचे असते. स्थानिक निधी समितीला कायदा लागू नसला तरी यादी लावा: अर्जदार, मागणी, गुण, मंजूर रक्कम. परीक्षकांची नावे निकालाबरोबर, पण कोणी किती गुण दिले ते वेगळे करून नको. नाकारलेल्याला दोन ओळींचे कारण लेखी द्या, त्याच्या अर्जाच्या भाषेत. ‘निधीअभावी’ असे लिहू नका. तो पुढच्या वर्षी तोच अर्ज घेऊन येतो.

अध्यक्ष बदलताना काय सोपवायचे?

ठराव बुक, इतिवृत्तांचे बांधलेले पुस्तक, चालू अनुदानांची यादी (कोणाचा कोणता हप्ता बाकी, कोणाचा हिशेब थकला), बँकेच्या सह्या बदलल्याचे पत्र, पॅन आणि आयकर संकेतस्थळाचे पासवर्ड, सेवा सिंधू आणि दर्पणवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ओटीपी जुन्या अध्यक्षाच्या फोनवर जात राहतो आणि ते पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात. संस्थेच्या नावाने एक सिम घ्या आणि ते कार्यालयातच ठेवा.